वस्तादांचे कान

कृष्णात वस्तादांना ऐकू कमी यायचं, पण दिसायचं सगळं, आणि घोटाळा नेमका तिथंच होता. ऐकणाऱ्या माणसाला दोघं बोलताना दिसले तर तो चार शब्द ऐकतो आणि आपल्या वाटेनं जातो. ज्याला ऐकू येत नाही त्याला नुसते ओठ हलताना दिसतात, आणि ते आपल्याविषयीच हलतायत याबद्दल त्याला तिळमात्र शंका राहत नाही. पानपट्टीवर कुणी हसलं की वस्तादांच्या कपाळाला आठी. भाजीवाली शेजारणीशी वाकून बोलली की वस्ताद घेतलेली मेथी परत करायला तयार. बहिरा दोनदा हसतो म्हणतात. वस्ताद एकदाही हसत नसत, न जाणो आपल्यावरच्याच विनोदाला हसून बसायचो.

शिवाजी पेठेतल्या एका जुन्या तालमीचे ते वस्ताद. साठी ओलांडली तरी मान अजून ओंडक्यासारखी होती, आणि त्या मानेवर ते नावाजलेले कान. लाल मातीत डोक्याला डोकं घासून कानात रक्त साकळतं, कान सुजतो आणि तसाच कडक होऊन बसतो. त्याला कान मोडणं म्हणतात, आणि पेठेत तीच पैलवानाची पदवी. तालमीतली कोवळी पोरं आरशापुढं उभी राहून आपला कान मोडला का बघतात, आणि नसला मोडला तर खट्टू होतात. वस्तादांचे दोन्ही कान मोडून मोडून अक्रोडासारखे झाले होते. परगावच्या मैदानात अनोळखी माणूसही ते कान बघून वाट सोडायचा. पण कान बाहेरून मिटले तसे आतूनही मिटत गेले, आणि आता काडी जाईल एवढंच भोक राहिलं होतं.

घरात वस्ताद आणि त्यांची बायको आक्काताई, दोघंच. आक्काताईंचे ओठ दिवसभर हलायचे. भाकरी थापताना हलायचे, तांदूळ निवडताना हलायचे, धुणं पिळतानाही थांबायचे नाहीत. वस्ताद समोर बसलेले असायचे आणि त्या त्यांच्याकडं न बघता बोलत असायच्या.

"काय म्हणलीस?" वस्ताद विचारायचे.

"काय न्हाय," आक्काताई गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायच्या.

बायको काही न म्हणता तासभर ओठ हलवते, हे कुठल्या नवऱ्याला पटेल? ती आपल्याला शिव्या घालते अशी वस्तादांची खात्री होती. मधूनच वाटायचं, शिव्या तरी बऱ्या, त्याहून काहीतरी मोठं असावं.

त्यात रविवारचं प्रकरण. आक्काताई दर रविवारी जोतिबाला जायच्या, एखादा रविवार चुकला तर चुकला. आता जोतिबाला गेलेलं माणूस गुलाल घेऊनच घरी येतं. केसांत गुलाल, निऱ्यांत गुलाल, दोन दिवस अंघोळीचं पाणी गुलाबी. आक्काताई मात्र जशा जायच्या तशा परत. कपाळाला बोटभर टिळा तेवढा, तोही आरशात बघून लावावा तसा सरळ. एकदा, लेकीच्या लग्नाच्या साली, त्यांच्या पदरातून पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या गळल्या होत्या. जोतिबाला दवणा वाहतात, या पाकळ्या कुठल्या? वस्तादांनी विचारलं नाही. उत्तर ऐकू आलं नसतं, आणि आलं असतं तर खरं वाटलं नसतं.

लेकीच्या लग्नाचं दुखणं वेगळंच. श्रुतीनं कॉलेजातल्या प्रसेनजीतशी लग्न केलं. पोरगा बौद्ध घरातला, सरळ, कष्टाळू, आणि पेठेत कुणी त्याच्याविषयी वाकडं बोललं नव्हतं. पण वस्ताद अडून बसले ते बसलेच, लग्नाला गेले नाहीत. माती कुणाची जात विचारत न्हाय, हे ते दर नागपंचमीला तालमीतल्या पोरांना ऐकवायचे. घरात त्याची आठवण करून द्यायची छाती कुणाची झाली नाही. पुढं नात झाली, तिचं नाव सोनम. श्रुती सणावाराला येऊ लागली, मागोमाग जावईही आला. वस्ताद त्याला बस म्हणायचे, चहा द्यायला सांगायचे, पण हाक मारायचे ती "पावणं" अशी, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला मारावी तशी. राजारामपुरीतल्या त्याच्या घराचा उंबरा त्यांनी बघितला नव्हता.

हे असंच चाललं असतं, पण दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात तालमीत एक गोष्ट घडली. ज्ञानू नावाचा तयारीचा पैलवान कुस्तीत खाली सापडला होता आणि वरच्यानं त्याचा हात पिळून धरला होता. "वस्ताद, हात," ज्ञानू ओरडला. सगळ्या तालमीनं ऐकलं. लाल मातीच्या हौद्याच्या कडेला उभे असलेले वस्ताद वरच्याला सांगत होते, "सोडू नगंस, दाब." वरच्यानं वस्तादांचं ऐकलं आणि ज्ञानूचा खांदा निखळला.

कुणी वस्तादांना उलटून बोललं नाही. तालमीतली जुनी मंडळी चार दिवसांनी घरी आली, चहा प्याली आणि मोठ्या आदरानं म्हणाली, "वस्ताद, आता तुमी खुर्चीत बसून पोरास्नी सांगा. दसऱ्यापासनं हौद्यात दुसरा कोनतर उतरंल." खुर्चीतला वस्ताद म्हणजे भिंतीवरचा फोटो, हे वस्तादांना कळत होतं. मातीत पाय नसला तर आपण कोण, हे त्यांना सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात श्रुती आणि जावई आले आणि स्वयंपाकघरात आक्काताईंशी कुजबुजत बसले. वस्ताद बाहेर पेपर घेऊन बसले होते, डोळे दारातून आत. तिघांचे ओठ हलत होते. श्रुतीनं एकदा आपल्या कानाला हात लावला. मग जावई जरा मोठ्यानं काहीतरी म्हणाला आणि त्यातला एकच शब्द वस्तादांपर्यंत पोचला. फुकट.

"मी फुकाट कुठं जात न्हाय," वस्ताद बाहेरूनच गरजले.

तिघंही चपापले. श्रुती बाहेर आली आणि वडिलांच्या कानाशी वाकून ओरडली, "फुकट न्हवं आबा, फुकेत. गावाचं नाव हाय. बेट हाय ते."

"पेठ? कुठली पेठ?"

"बेट, बेट. चारी बाजूंनी पाणी."

एवढ्यात शेजारची धोंडुबाई खिडकीत येऊन उभी राहिली होती, म्हणून श्रुतीनं खिडकी लावून घेतली. पुढचं सगळं प्रसेनजीतनं सांगितलं, निम्मं ओरडून आणि निम्मं हातवारे करून. तो एका प्रवासी कंपनीत होता. थायलंडातल्या त्या बेटावर लोक आठ-पंधरा दिवस समुद्रावर राहायला जातात आणि त्यातच तिथल्या दवाखान्यात आपली दुखणी उरकून घेतात. कुणी दात बसवून घेतं, कुणी नाक नीट करून घेतं, कुणी सुटलेलं पोट आत घालवतं. जखम भरेपर्यंत समुद्र बघायचा, आणि घरी येऊन सांगायचं, फिरायला गेलतो. कंपनीची ही पहिलीच सहल, त्यात घरच्यांच्या जागा त्याला मिळत होत्या. वस्तादांच्या कानाचं बुजलेलं भोक तिथं मोकळं करता येणार होतं.

त्यानं एक चकचकीत पुस्तिका पुढं ठेवली. वस्तादांनी चाळली. एका पानावर कानांचे दोन फोटो होते. 'आधी' लिहिलेल्या फोटोत कुणाचे तरी सुपासारखे कान होते, 'नंतर'च्या फोटोत तेच कान सरळ, गुळगुळीत, सिनेमातल्या पोरासारखे. वस्तादांनी पुस्तिका मिटली. यांचा बेत भोकाचा नाही, कानाचा आहे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

"कानच दावायचा तर मिरज काय ओस पडली व्हय?" त्यांनी विचारलं.

"मिरजेला चला म्हणून किती वर्सं सांगतोय, आबा," श्रुती म्हणाली. "गेलासा का? तितल्या दवाखान्यात निम्मी पेठ भेटती."

हे खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. कानाच्या डॉक्टरच्या बाकावर बसलेला वस्ताद कुणी बघितला असता, तर दुपारपर्यंत बातमी गंगावेशीला पोचली असती. बेटावर कोण ओळखतंय? लेकीनं बापाचं दुखणंच नाही, बापाची लाजही हिशेबात धरली होती. पण वस्तादांना त्यातही वास आला. एवढा विचार करून कुणी माणसाला गावाबाहेर नेतं, ते कशासाठी?

उरलासुरला संशय भरून द्यायला पिराजी होताच. पिराजी म्हणजे वस्तादांचा जुना जोडीदार, चौकात चहाचा गाडा लावायचा. वस्तादांचे कान फुंकायचे तर फुंकणाऱ्याला ओरडावं लागायचं, त्यामुळं पिराजीची गुपितं अख्ख्या चौकाला कळायची.

"आदी समुद्र दावत्यात," पिराजी ओरडला. "मग बेशुद्ध करत्यात. उठल्यावर आपलं आपन चाचपायचं, काय काय शिल्लक हाय. आनि त्यो समुद्र तरी धड हाय का? परवा सुनामीत आत आलता की त्यो."

"जावई हाय बरोबर," वस्ताद म्हणाले.

"त्येच म्हनतोय मी. तुमी त्येच्या लग्नाला गेला न्हाईसा. त्यो इसरला आसंल व्हय? बायमानसासारखं कान घिऊन याल वस्ताद, मग कुठल्या तोंडानं मातीत उतरशीला?"

वस्तादांनी चहा तसाच ठेवला. पिराजी बोलला ते त्यांच्या मनातलंच होतं. प्रसेनजीतचं नाक त्यांनी भर पेठेत कापलं होतं. आता प्रसेनजीत त्यांचे कान कापणार, आणि तेही कुणाला बोट दाखवता येणार नाही असे, औषधपाणी करून. रोखठोक फेड होती. त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं, असं त्यांना वाटलं आणि धडकीच भरली.

तरी ते गेले. एक तर ज्ञानू गळ्यात हात अडकवून रोज तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसायचा आणि त्यांना बघून उठून उभा राहायचा. आणि दुसरं म्हणजे आक्काताई. अख्ख्या संसारात काही न मागितलेली बाई समोर येऊन मोठ्यानं म्हणाली, "मला समुद्र बघायचाय. मी जानार. तुमी ऱ्हावा हितंच." बायकोला एकटीला त्या लोकांबरोबर पाठवणं वस्तादांना पटलं नाही. लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे होतं.

पेठेत सांगितलं, फिरायला चाललोय. धोंडुबाईनं येताना शंखशिंपले आणायला सांगितले.

बेटावर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टरीणबाई ठेंगणी, हसतमुख. तिनं आत कसलीशी नळी घालून बघितलं, मग वस्तादांचा कान दोन बोटांत धरला, अंगठा फिरवला आणि निळ्या पेनानं कानाच्या कडेनं सरळ एक रेघ ओढली. प्रसेनजीतकडं बघून ती इंग्रजीत काहीतरी म्हणाली. प्रसेनजीतनं मान हलवली. ती पुन्हा बोलली, प्रसेनजीत बराच वेळ बोलला, मग दोघंही हसले. मागं उभ्या असलेल्या आक्काताईंचे ओठ हलत होते.

"पावणं, काय म्हनती ती?" वस्तादांनी विचारलं.

प्रसेनजीत वाकून म्हणाला, "काय न्हाय, मामा. काळजी करू नका."

काय न्हाय. बायको इतकी वर्षं जे सांगत आली तेच जावई सांगत होता. उठून चालू लागावं असं वाटलं, पण पायात कापडी सपाता होत्या, अंगात दवाखान्याचा झगा होता, आणि रस्ता माहीत नव्हता.

शुद्धीवर आले तेव्हा डोक्याला फेट्याएवढी पट्टी होती. दोन्ही कान आत. आहेत की नाहीत, आहेत तर कसले आहेत, काही कळायला मार्ग नाही. पट्टी सुटेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही, डोकं हलवायचं नाही, हात लावायचा नाही. वस्ताद समुद्राच्या काठावर छत्रीखाली खुर्चीत बसून राहिले. खुर्चीतला वस्ताद व्हायला नको म्हणून एवढं केलं आणि शेवटी खुर्चीच आली. शेजारच्या छत्रीखाली नाकाला प्लास्टर लावलेली सांगलीची एक बाई, पलीकडं नवे दात बसवलेला इचलकरंजीचा एक व्यापारी, तोंड मिटता येत नसल्यानं सारखा हसतमुख. सहलीतली निम्मी मंडळी कुठं ना कुठं बांधलेली होती आणि सगळी समुद्राकडं बघत होती.

आक्काताई मात्र नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या होत्या. एका हाताला श्रुती, एका हाताला सोनम. लाट आली की तिघी उड्या मारत होत्या. आक्काताई हसत होत्या, बोलत होत्या, आणि वस्तादांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. सोनम आजीच्या गळ्यात इतक्या सवयीनं कशी पडते, हेही त्यांच्या मनात आलं. सणावाराला दोनदा भेटणारं पोर असं पडत नाही. त्यांचा हात पुनःपुन्हा पट्टीकडं जायचा आणि प्रत्येक वेळी प्रसेनजीत लांबून येऊन तो हळूच खाली करायचा. राखण करतोय, वस्तादांना वाटायचं. आपण केलेलं झाकतोय.

पट्टी सुटायच्या दिवशी त्यांनी देवाचं नाव घेतलं. शेवटचा वेढा निघाल्याबरोबर डॉक्टरीण नको नको म्हणत असताना दोन्ही हात कानांवर गेले. अक्रोड जागच्या जागी होते. तोच डावीकडचा टेंगूळ, तीच उजवीकडची घडी, एका मैदानात पडलेली ती खोकसुद्धा. कुणी बोटभर इकडचं तिकडं केलं नव्हतं.

मग डॉक्टरणीनं कात्री थाळीत टाकली आणि वस्ताद दचकले. पंखा कुरकुरत होता. बाहेर कुणाची तरी पावलं वाजत होती. शेजारून एक आवाज आला, बारीक, जरा घोगरा. जावयाचा आवाज असा आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, कारण आजवर त्यांनी त्याचं फक्त ओरडणं ऐकलं होतं.

"मामा, ती म्हनत हुती, आत करतीयाच तर बाहेरून बी सरळ करून देती, सगळं एकातच बसतंय. मी म्हणलं, बाई, बाहेर हात लावू नका. ह्ये कान बिघडलेलं न्हाईत, कमावलेलं हाईत."

वस्तादांना काहीतरी बोलायला हवं होतं. तसं त्यांना आतून फार वाटलं, लाजही वाटली. पण या माणसाशी बोलायची सवय लावून घेतली नव्हती, ती आयत्या वेळी कुठून येणार? "हं," ते म्हणाले, आणि खिडकीतून समुद्र ऐकत राहिले.

कोल्हापुरात आल्यावर पिराजीनं आधी कान बघितले, मग पाठीमागं जाऊन हळूच म्हणाला, "म्हातारा झालासा, वस्ताद."

"म्हातारा झालो, पर तुझ्या च्याएवढा शिळा न्हाय झालो," वस्ताद वळूनही न बघता म्हणाले, आणि चौकात हशा पिकला. त्यातला एकूण एक हसणारा वस्तादांना ऐकू आला. दसऱ्याला तेच हौद्यात उतरले. ज्ञानूचा हात बरा झाला होता. सराव करताना त्यानं नुसतं "वस्ताद" म्हटलं तरी ते दोघांच्या मध्ये पोचायचे. समुद्राच्या हवेनं कान मोकळं झालं, असं पेठेत ठरलं आणि कुणी फार खोलात गेलं नाही.

झालं ते घरात. वस्तादांना आता सगळं ऐकू यायचं. नळ ठिबकलेला, कबुतरं घुमलेली, धोंडुबाईच्या घरातलं भांडण अथपासून इतिपर्यंत. फक्त बायको ऐकू येत नव्हती, कारण बायको बोलतच नव्हती. भाकरी थापताना ओठ मिटलेले, तांदूळ निवडताना मिटलेले. इतकी वर्षं ती बोलत होती आणि ऐकू येत नव्हतं. आता ऐकू येत होतं तर ती गप्प. वस्तादांचा जुना संशय कान बरे झाल्यावर दुप्पट झाला.

"बोल की गं," ते एकदा म्हणाले.

"काय बोलू?" आक्काताई खाली बघत म्हणाल्या. "आता ऐकू येतंय न्हवं तुमास्नी."

रविवार आला की त्या जोतिबाला जायच्या आणि बिनगुलालाच्या परत यायच्या, ते तेवढं चालू होतं.

शेवटी वस्तादांनी डाव टाकला. एका सकाळी कानात बोट घालून म्हणाले, "परत बुजल्यागत वाटतंय." दुसऱ्या दिवशी हाकेला ओ दिली नाही. तिसऱ्या दिवशी "काय?" म्हणून तिला तीनदा ओरडायला लावलं. पण आक्काताई काही हलक्या कानाच्या नव्हत्या. वस्ताद शेंगा सोलत बसले होते, तेव्हा त्यांनी मागून पितळेचं पातेलं फरशीवर टाकलं. आवाज असा झाला की धोंडुबाईची मांजर पत्र्यावरून पळाली. वस्ताद हलले नाहीत. हजारो माणसांच्या शिट्ट्यांत ज्यानं समोरच्याच्या डोळ्यावरची नजर काढली नव्हती, तो पातेल्याला काय दचकतो? मग आक्काताई पाठीशी येऊन शांतपणे म्हणाल्या, "तालमीला आग लागलीया." वस्तादांनी पुढची शेंग घेतली.

मग आक्काताई परत चुलीपुढं बसल्या, सुस्कारा सोडला, आणि त्यांचे ओठ हलू लागले.

शिवी एकही नव्हती. मेथी महागली. धोंडुबाईचा गुडघा दुखतोय. पिराजीच्या चहात पाणीच जास्ती. वस्ताद मान खाली घालून ऐकत होते आणि आपण इतकी वर्षं कशाला भ्यालो, असं त्यांना वाटू लागलं होतं. तेवढ्यात आवाज जरा खाली आला.

"कान बरं झालं तवा जीव घाबरा झालता माजा. म्हणलं, आता सांगायचं कुनाला? तुमच्यापुढंच बोलायचे न्हवं सगळं. तुमास्नी सांगितल्याचं समाधान हुतं आनि तुमचा राग बी न्हवता."

भाकरी तव्यावर पडली.

"लग्नात पोरगी सारखी दाराकडं बघत हुती. मी म्हणलं, येत न्हाईत गं त्ये. तरी बघत हुती. फुलं टाकली आमी सगळ्यांनी. दोन-चार पाकळ्या पदरात घरला आल्या, तुमी बघितल्यासा, रात्रभर झोप लागली न्हाय मला. तवापासनं जोतिबाचं नाव सांगून लेकीकडं जाते. सोनमला न्हाऊ घालते, येनी घालते, येताना चौकातल्या देवळात टिळा लावते. द्येव करंल माफ. तुमचं काय मला ठावं न्हाय."

वस्तादांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"येत्या रविवारी वाढदिस हाय तिचा. दर साली इचारती, आजोबा का येत न्हाईत आपल्या घरला? श्रुती सांगती, आजोबांना ऐकू येत न्हाय बाळा, हाक मारली तरी." आक्काताईंनी भाकरी उलटली. "ह्या साली काय सांगायचं तिला? ऐकू याय लागलं की."

वस्तादांचे डोळे भरून आले. बोलावं तर बायकोचं बोलणं कायमचं बंद होणार, आणि न बोलावं तर हे असंच बसून राहायचं. इतक्या डावांतून सुटलेला माणूस त्या चार शब्दांखाली चीत पडला होता, आणि ते त्याच्या बायकोला कळूनही द्यायचं नव्हतं. त्यांनी शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले आणि टरफल मुठीत तसंच धरून ठेवलं.

रविवारी सकाळी आक्काताई निघाल्या तर दारात वस्ताद. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा.

"जोतिबाला मी बी येतो," ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले.

आक्काताईंचा चेहरा उतरला. नको म्हणायला काही कारण सापडेना. दोघं चालू लागले, त्या पुढं, वस्ताद मागं. बिनखांबी गणपतीपाशी आल्यावर आक्काताई मुकाट्यानं डावीकडं वळल्या, जोतिबाच्या गाडीकडं. वस्ताद वळले नाहीत. ते सरळ मिरजकर तिकटीच्या दिशेनं, म्हणजे राजारामपुरीच्या वाटेनं चालत राहिले.

"अवो," आक्काताईंनी हाक मारली. "गाडी हिकडं हाय."

"काय?"

"हिकडं, हिकडं."

"काय ऐकू येईना बग," वस्ताद म्हणाले आणि तसेच पुढं निघाले.

आक्काताई चौकात उभ्या राहिल्या. दर रविवारी आपण त्याच वाटेनं जातो, हे त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण ऐकू येईल असं नाही. त्या हळूहळू मागोमाग आल्या. वस्तादांच्या पाठीमागं चार पावलांवर त्यांची चप्पल वाजत होती, आणि मग ती बोलण्याची कुजबूज सुरू झाली, रोज चुलीपुढं असायची तेवढ्याच आवाजातली.

"पेढं तरी घ्या की. मोकळ्या हातानं जातायसा लेकराकडं."

वस्ताद पेढ्याच्या दुकानापुढं थांबले.